आशा सोडली त्या दिवसापासून

घरातलं तरुण माणूस गेलं की आई मान खाली घालून चालू लागते, हे मी पाहिलेलं आहे. मिलकाबाईंचं उलटं झालं. त्यांचा मुलगा परत आला आणि त्यानंतर त्या मान खाली घालून चालू लागल्या. पनवेलच्या बाजारात बायका त्यांना थांबवून म्हणायच्या, "सिस्टर, नशीब काढलंत हो. देवानं ऐकलं तुमचं." त्या नुसतं "हो" म्हणायच्या, हातातली पिशवी दुसऱ्या हातात घ्यायच्या आणि निघायच्या. बायकांना वाटायचं, सिस्टरना आता गर्व झाला.

गर्व मिलकाबाईंना होता, पण तो आधी. आणि तो मला फार आवडायचा.

जुन्या पनवेलात तळ्याच्या अलीकडे आमचं छोटं प्रसूतिगृह होतं. डॉक्टरीणबाई मालकीण, मिलकाबाई मोठ्या सिस्टर आणि मी बाहेरच्या काउंटरवर. केसपेपर, फोन, औषधं, नातेवाइकांची समजूत, सगळं माझ्याकडे. मिलकाबाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. घरात बोलणं मराठीच, अगदी अलिबागकडच्या हेलाचं. दाराच्या चौकटीवर, आत प्रार्थनेचा कागद असलेली, तिरकी ठोकलेली एक छोटी नळी होती, तिला बोट लावून ते बोट ओठांना टेकवल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नसत. त्यांच्या प्रार्थनागृहाला त्या लोकांत मशीदच म्हणतात. त्यामुळे "मी मशिदीत जाऊन येते" असं त्या म्हणाल्या की नव्याने आलेली आया गोंधळून माझ्याकडे बघायची.

शुक्रवारी दिवेलागणीच्या आत त्यांना घरी पोचायचं असे. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस. त्या दिवशी त्या चूल पेटवत नसत, कात्रीसुद्धा धरत नसत. पण शनिवारी कुणाच्या कळा सुरू झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला, तर पदर खोचून हजर. मी एकदा विचारलं, "आज चालतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "बाळाला शनिवार कळत नाही. देवाला कळतो, तो समजून घेतो."

मासे खायच्या, पण खवल्यांचे. कोलंबी, चिंबोरी वर्ज्य. आता पनवेल-उरणकडच्या कोळणी बाळंत झाल्या की घरचे आनंदाने आणणार काय, तर टोपलीभर कोलंबी. मिलकाबाई दोन्ही हातांनी ती टोपली घ्यायच्या, "वा, काय ताजी आहे!" म्हणायच्या, आणि ते लोक वळले की टोपली माझ्या काउंटरखाली सरकवायच्या. सुकापूरला आमच्या घरी त्या काळात कोलंबीचं कालवण मिलकाबाईंच्या धर्मामुळे होत असे.

कळा देणाऱ्या बाईशी त्या एका ठरावीक आवाजात बोलायच्या. आवाज मोठा, पण ओरडल्यासारखा नाही. "सुटशील गं. रस्ता आहे. तुला दिसत नाही एवढंच. मला दिसतोय." बाहेर बाकावर बसलेल्या सासवा आणि नवरे तो आवाज ऐकून सैल व्हायचे. मला स्वतःला दुसऱ्या बाळंतपणात फार त्रास झाला, तेव्हा मीही त्याच आवाजाला धरून होते.

त्यांचा तो विश्वास कसा होता ते सांगायचं तर जासईचा प्रसंग सांगायला हवा. उरणकडच्या एका आगरी मुलीला घेऊन आमची गाडी येत होती. घरीच रक्तस्राव सुरू झाला होता म्हणून मिलकाबाई स्वतः आणायला गेल्या होत्या. जासईला येतात तो पुढे कंटेनरच्या ट्रेलरची रांग. बंदराकडे जाणारे, बंदरातून येणारे, सगळे एकमेकांत अडकलेले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मुलीची आई रडायला लागली, "आता काय नाय माझी पोर हातात लागत." मिलकाबाई खाली उतरल्या. पांढऱ्या साडीत, रणरणत्या उन्हात, एकेका ट्रेलरच्या दारावर थापा मारत गेल्या. कुणाला मराठीत, कुणाला मोडक्या हिंदीत. "भाई, तू पण कुणाच्या पोटातून आलास ना? मग घे बाजूला." कुणी दोन फूट पुढे घेतला, कुणी चाक मातीत उतरवलं. मधून एक गाडी जाईल एवढी फट झाली आणि त्या फटीतून मिलकाबाई पुढे चालत आणि गाडी त्यांच्या मागे, अशी आमची गाडी निघाली. मुलगी वाचली, बाळही वाचलं. नंतर चहा पिताना त्या हसत म्हणाल्या, "आमच्या मोशे पैगंबरासमोर समुद्र दुभंगला होता. माझ्यासमोर ट्रेलर. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे."

त्यांच्या लोकांची मूळ गोष्टही त्या अशाच थाटात सांगायच्या. फार जुन्या काळी त्यांच्या पूर्वजांचं जहाज कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं. थोडे बायका-पुरुष वाचले. पोथ्या बुडाल्या, सामानसुमान बुडालं, भाषासुद्धा हळूहळू गेली. एक प्रार्थना तेवढी आठवत राहिली. "आमचा सगळा वंशच पाण्यातून ओढून काढलेला आहे, शुभा," त्या म्हणायच्या. "आम्हाला घाबरायची परवानगी नाही."

नवरा लवकर गेला होता. एकच मुलगा, एझ्रा. शाळा सुटली की तो आमच्याच काउंटरच्या टोकाला बसून अभ्यास करायचा आणि मी आत गेले की फोन उचलून मोठ्या माणसासारखं "हॅलो, प्रसूतिगृह" म्हणायचा. मोठा होऊन तो जहाजावर लागला, इंजिनाच्या खोलीत. अरबी समुद्र, आफ्रिका, आखात. सुट्टीवर आला की आईला उचलून गोल फिरवायचा आणि त्या "अरे, पेशंट बघतायत" म्हणून त्याच्या पाठीत गुद्दे घालायच्या.

त्या सुमारास सोमालियाकडचे चाचे जहाजं पकडत होते. पेपरात रोज काही ना काही असायचं. एझ्राचं जहाज पकडलं गेलं ते आम्हाला पेपरातून नाही कळलं. कंपनीच्या एजंटचा फोन आला. मिलकाबाईंनी तो घेतला, ऐकून घेतला, फोन ठेवला आणि आत जाऊन एका बाईचे टाके काढून आल्या. मग माझ्या शेजारी स्टुलावर बसून म्हणाल्या, "एझ्राला धरलंय." आणि मी काही बोलायच्या आत, "सुटेल. रस्ता असणार."

पहिले काही महिने तो मधूनमधून बोलायचा. चाचे मुद्दाम घरी फोन लावू द्यायचे, घरच्यांनी रडावं आणि कंपनीवर दबाव यावा म्हणून. एझ्रा म्हणायचा, "आई, बरा आहे." मागून कुणी तरी ओरडत असायचं. मिलकाबाई रडायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "शुक्रवारी तुझं ताट मांडते रे. ये तू." आणि खरंच मांडायच्या. मी एकदा पाहिलंय. तेलाचा दिवा, काळ्या मनुकांचं सरबत, दोन ताटं.

मग कंपनीने हात वर केले. जहाज कुणाचं, विमा कुणाचा, याचाच पत्ता लागेना. बाकीच्या खलाशांच्या घरचे लोक मुंबईत या कचेरीतून त्या कचेरीत फिरायचे, मिलकाबाईही जायच्या. रजा घेऊन जायच्या, संध्याकाळी परत यायच्या, आणि त्या बायकांना मिलकाबाईच धीर देऊन आलेल्या असायच्या. फोन यायचे बंद झाले. त्यांचा आवाज मात्र तसाच. "सुटशील गं. रस्ता आहे." लेबर रूममधून तो आवाज आला की डॉक्टरीणबाई आणि मी एकमेकींकडे बघायचो.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात एजंटचा पुन्हा फोन आला. वादळात जहाजाचा नांगर तुटला, जहाज बुडालं, माणसांचा पत्ता नाही. मग कुणी तरी किनाऱ्यावर प्रेतं पाहिल्याचं कळलं. कुणाची, ते कळलं नाही.

मिलकाबाईंनी ते मानलं नाही. ताट मांडणं चालू राहिलं. पण आता त्यांच्याभोवती सगळे बदलले. इस्राएलला गेलेली बहीण फोनवर रोज सांगायची, "मिलका, त्याच्या नावाने कद्दीश म्हणायला हवी. तू धरून ठेवलंस म्हणून त्याचा आत्मा अडकलाय." कद्दीश म्हणजे त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. एका खलाशाच्या बायकोने मंगळसूत्र काढलं, तेही त्यांच्या कानावर आलं. सगळे प्रेमानेच बोलत होते. एवढ्या प्रेमाने की त्यांना कुठे उभं राहायला जागा उरली नाही.

एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "माझ्याबरोबर चल जरा." आम्ही त्यांच्या मशिदीत गेलो. तिथली व्यवस्था सॅमसनकाका बघायचे. वय झालेलं, डोळ्यांवर जाड चष्मा, कानाला हात लावून ऐकायचे. मी दारातच चपला काढून उभी राहिले.

"काका," मिलकाबाई म्हणाल्या, "मूठभर मातीही मिळाली नाही, तर शोक कधीपासून धरायचा?"

सॅमसनकाका बराच वेळ टेबलावरचं कापड नीट करत राहिले. "प्रेत मिळालं नाही, तर घरच्यांनी आशा सोडली त्या दिवसापासून धरायचा," ते म्हणाले. मग चष्मा काढून विचारलं, "तसं तुझ्या तोंडून यायला लागतं बाई. सोडलीस का?"

मिलकाबाईंनी वर लटकलेल्या काचेच्या दिव्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या नाही म्हणतील.

"सोडली," त्या म्हणाल्या.

शोक धरायची त्यांची रीत म्हणून सॅमसनकाकांनी ब्लेडने त्यांच्या ब्लाउजच्या गळ्याला उजवीकडे एक छेद दिला आणि पुढचं त्यांनी स्वतःच्या हाताने फाडलं. तो आवाज फार लहान होता. कापड फाडताना दुकानात येतो तेवढाच.

सात दिवस त्या जमिनीवर बसल्या. आरशावर चादर टाकली. शोकात खायचे मसूर आणि उकडलेली अंडी शेजाऱ्यांनी आणून दिली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढे पनवेलात जमेनात, म्हणून ठाण्याहून नातेवाईक आले. शुक्रवार आला तेव्हा दिवा लागला, पण ताट एकच. माझ्याशी त्या एकच वाक्य बोलल्या, "शुभा, आता झोप लागते गं." मला बरं वाटलं. आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं.

आठव्या दिवशी त्या कामावर आल्या. काम तेच, हात तेच. लेबर रूममधून आवाज मात्र येईना. त्या बाईचा हात धरून उभ्या राहायच्या आणि "हं, हं" म्हणायच्या.

तो फोन भर दुपारी आला. गणपती नुकतेच होऊन गेले होते. मी उचलला. बराच वेळ खरखर, मग एक बारीक, फाटका आवाज. "हॅलो, प्रसूतिगृह?"

मी म्हटलं, "हो, बोला."

"शुभामावशी, मी एझ्रा."

तो सांगत होता, की त्यांना सोडलंय, गावातल्या म्हाताऱ्या लोकांनी मध्ये पडून सोडवलंय, मदत करणाऱ्या कुठल्याशा संस्थेच्या दवाखान्यात आहे, लहानपणापासूनचा हा एकच नंबर डोक्यात उरला होता, आईला बोलव. मी धावत आत गेले. मिलकाबाई बाळाचं डोकं बाहेर येत असलेल्या बाईपाशी होत्या.

"बाई, फोन. एझ्राचा फोन आहे."

त्यांनी मान वळवली नाही. "कुणी तरी चेष्टा करतंय," त्या म्हणाल्या.

"त्याने मला शुभामावशी म्हटलं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, जा, मी बघते." तरी त्या हलल्या नाहीत. डोकं आलं, खांदे आले, बाळ आलं. ते रडल्यावर त्यांनी ते डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं, हातमोजे काढले आणि बाहेर आल्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला लावला.

पलीकडून "आई" असं आलं असणार. मिलकाबाई भिंतीला टेकून फरशीवर बसल्या.

"मला माफ कर," त्या म्हणाल्या. "एझ्रा, मला माफ कर."

तो तिकडून विचारत होता, कशाबद्दल? मला ते ऐकू येत होतं. "आई, कशाबद्दल?" त्यांनी सांगितलं नाही.

तो पनवेलला आला तेव्हा निम्मा झाला होता. पुढचे दोन दात पडलेले, पायांवर खरजेचे काळे डाग. आईला उचलायला गेला आणि त्याला उचलता आलं नाही. दोघं तसेच एकमेकांना धरून दारात उभे राहिले.

शोक धरल्याचं त्याला कुणी सांगितलं नाही. असं काही ठरलं नव्हतं, पण शेजारी, नातेवाईक, सगळेच गप्प राहिले. सांगून काय मिळणार होतं? मिलकाबाई मला म्हणाल्या, "मी सांगेन." एक आठवडा गेला, दुसरा गेला. त्या सांगू शकल्या नाहीत. तो जेवायला बसला की त्या त्याच्यासमोर बसायच्या आणि त्याने वर पाहिलं की यांची नजर ताटात.

कैदेतून सुटून आलेल्याने मशिदीत सगळ्यांसमोर देवाचे आभार मानायचे असतात. ते झाल्यावर त्यांच्या घरी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं मांडलेली आणि गुलाबाच्या पाकळ्या. सगळे गोल करून जमिनीवर बसले. सॅमसनकाका, ठाण्याचे नातेवाईक, डॉक्टरीणबाई, मी, शेजारी. सात-आठ महिन्यांपूर्वी त्याच खोलीत, त्याच चटयांवर जे बसले होते तेच बहुतेक सगळे.

कुणी तरी एझ्राला म्हणालं, "चार शब्द बोल."

त्याला बोलण्याची सवय नव्हती. तो म्हणाला, "तिकडे आमच्यातला एक केरळचा मुलगा रोज म्हणायचा, घरच्यांनी आपल्याला मेलेलं धरलं असणार. मी त्याला सांगायचो, तुझ्या घरचं मला माहीत नाही, पण माझ्या आईला मी ओळखतो. तिने शुक्रवारी माझं ताट मांडलेलं असणार. सगळी दुनिया सोडेल, ती नाही सोडणार. बस, त्याच्यावर दिवस काढले."

जो तो आपापल्या पानाकडे बघत होता. सॅमसनकाकांनी घसा साफ केला. ते आता मलिद्याच्या वेळी म्हणतात ते एलियाहू पैगंबराचं गाणं सुरू करणार आणि प्रसंग पार पडणार, असं वाटलं.

"काका, थांबा," मिलकाबाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता.

"मी सोडलं होतं, एझ्रा."

त्याला कळलं नाही. तो हसला.

"जहाज बुडाल्याची बातमी आल्यावर मी सोडलं. ब्लाउज फाडला. इथेच, तू बसलायस तिथे, सात दिवस तुझ्या नावाने बसले. तुझ्यासाठी कद्दीश म्हटली. हे सगळे होते. काकांनी मला विचारलं होतं, आशा सोडलीस का, आणि मी माझ्या तोंडाने सोडली म्हणाले." त्यांचा आवाज लेबर रूममधला होता, मोठा आणि स्पष्ट. "जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींना सांगत आले, रस्ता आहे. स्वतःच्या मुलाची वेळ आली तेव्हा मला तो दिसला नाही. तुला वाटलं मी धरून ठेवलं होतं. मी तुला पुरलं होतं, बाळा."

एझ्राने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सॅमसनकाकांकडे, माझ्याकडे. कुणालाच त्याच्या नजरेला नजर देता येईना. तो उठून बाहेर ओट्यावर गेला. गुळाला मुंग्या लागायला लागल्या तरी कुणी ताट हलवलं नाही.

बऱ्याच वेळाने तो आत आला. खाली बसला. "कधी?" त्याने विचारलं.

"होळीच्या आधी."

तो आठवत राहिला. "तेव्हा आम्हाला जहाजावरून काढून आत रानात नेलं होतं," तो हळू बोलू लागला. "आमच्यातल्या काही जणांनाच. म्हणून आम्ही वाचलो. पण पाणी नव्हतं, सगळ्यांना हगवण लागली होती. मला उठता येत नव्हतं. केरळचा तो मुलगा तिथेच गेला. तेव्हा एक म्हातारी यायची. त्यांच्यातलीच, शेळ्या राखणारी. पहारेकऱ्यांना शिव्या घालत सरळ आत यायची आणि माझ्या तोंडाला दूध लावायची. का यायची माहीत नाही. तिची भाषा मला येत नव्हती. एकदा तिने माझं डोकं मांडीवर घेऊन पुसलं. मी बरा झालो आणि मग ती आली नाही." तो थांबला. "त्याच दिवसांत, आई. होळीच्या आधीच असणार ते. तिकडे रात्रीची थंडी संपत आली होती."

मिलकाबाई त्याच्याजवळ खाली बसल्या. सॅमसनकाका चष्मा पुसत होते, पुसतच राहिले. मग एझ्रानेच मलिद्यातलं केळं उचललं, सोललं आणि आईच्या हातात दिलं. "खा," तो म्हणाला. त्यांनी खाल्लं. काकांनी गाण्याची पहिली ओळ म्हटली. बाकीच्यांनी पुढे म्हटलं.

मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर त्या मोकळ्या होतील. एझ्राने त्या गोष्टीचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. त्याने समुद्र सोडला, कंटेनर यार्डात नोकरी धरली, लग्न केलं. पण मिलकाबाई तशाच राहिल्या. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, आता किती दिवस? मुलाने माफ केलं, देवाने माफ केलं."

त्या सुया उकळत ठेवत होत्या. "तो रागावला असता ना शुभा, तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. मुलाबद्दल नाही, देवाबद्दल बोलत होत्या. "मी सोडलं तेव्हा त्यानेही सोडायला हवं होतं. फिट्टंफाट. त्याने काय केलं? मी इथे अंडी खात बसले होते आणि त्याने कुठल्या परक्या बाईला माझ्या मुलाकडे धाडलं. तिने माझं काम केलं. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही." मग थोड्या वेळाने, "देवावर विश्वास आहे गं. आधीपेक्षा जास्त आहे. त्याच्याकडे बघायची लाज वाटते, एवढंच."

त्यानंतर मीही त्यांना कधी समजावलं नाही.

निवृत्त झाल्यावरही त्या दिवसातून एकदा प्रसूतिगृहात चक्कर टाकायच्या. अशाच एका दुपारी, नारळी पौर्णिमा होऊन काही दिवस झाले होते, उरणजवळच्या कोळीवाड्यातली एक मुलगी आली. तिचं पहिलं बाळंतपण मिलकाबाईंनीच केलं होतं. कडेवर पोर, केस विस्कटलेले. तिच्या नवऱ्याची होडी पहिल्या फेरीला गेली ती आलीच नव्हती. कुणी तरी तिला सांगितलं होतं की त्या सिस्टरचा पोरगा मरणातून परत आला, तिला जाऊन विचार.

"सिस्टरबाय, तुमचा पोरगा आला, नाय?" ती म्हणाली. "मंग मना सांगा, तुमी कसा धीर धरलाव? काय केलाव? तुमचा देव नायतर माझा देव, कुनाला काय बोलू?"

मला वाटलं, मिलकाबाई पिशवी उचलून निघतील. त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मी धीर धरला नाही," त्या म्हणाल्या. "मी सोडून दिलं होतं."

"मंग तो आला कसा?"

"आणला त्याला. माझ्यामुळे नाही."

मग कुणास ठाऊक काय झालं, इतका वेळ कोरडी असलेली ती मुलगी भडाभडा रडायला लागली. "माझ्यानं पन धरवत नाय," ती म्हणत होती. "सगली बोलतान धर, धर. माझ्यानं नाय धरवत."

"नको धरू," मिलकाबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या कडेवरचं पोर घेतलं. "तुझ्या घरी कोण आहे?"

"सासू हाय. आंधली हाय."

"चल," त्या म्हणाल्या, आणि ती तिघं रिक्षात बसून गेली. मला म्हणाल्या, "एझ्राला फोन कर, मी उरणला आहे."

त्या दोन दिवसांनी येतील असं वाटलं होतं. आल्या नाहीत. माझ्या यजमानांची बदली नाशिकला झाली होती, सामान बांधून झालं होतं, म्हणून त्यांचा निरोप घ्यायला मीच कोळीवाड्यात गेले. तोपर्यंत होडीतले दोघे लांबच्या किनाऱ्यावर जिवंत सापडले होते. त्या मुलीचा नवरा सापडला नव्हता. पुढेही सापडला नाही.

घरात आंधळी सासू जाळं विणत बसली होती. तिने हाताने समुद्राकडे खूण केली. ओहोटी लागली होती. ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत मिलकाबाई बसलेल्या होत्या. ती मुलगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती, पोर शेजारी वाळूत शंख गोळा करत होतं. मिलकाबाईंनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी जवळ गेले नाही.

थोडा वेळ तिथेच उभी राहिले. वारा होता, मुलीचे केस उडत होते आणि मिलकाबाई ते पुन्हापुन्हा तिच्या तोंडावरून बाजूला करत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. आवाज ऐकू येत नव्हता.